टाकीच्या काचेपाशी

अक्का, महिन्यापूर्वी तुला भिंतीला टेकवून बसवलं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं. कपाळभर विभूती लावली. मठाच्या अप्पांनी तुझ्या गळ्यातलं लिंग डबीतून काढून तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात सारखा खाली यायला लागला. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झाले आणि माती द्यायला नेईपर्यंत तुझा हात धरून बसले. बायका म्हणाल्या, धाकटी बहीण आहे, माया आहे. मायेचं मला माहीत नाही. तो हात किती उंचीवर धरायचा ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण कुठं वळायला हवं होतं ते मला अजून सापडत नाही.

तंबाखूची गोळी तू लग्नाआधीपासून गालात धरायचीस. गालात गाठ झाली. सोलापूरला मशिनीखाली शेक दिला, गाठ गेली, आपण पेढे वाटले. दोनेक वर्षांनी तुझं तोंड उघडेना. मग गालाला भोक पडलं आणि आतलं जबड्याचं हाड दिसायला लागलं, काळपट, उन्हात पडलेल्या तुराटीसारखं. आजार परत आला नव्हता. शेकानंच हाड मेलं होतं. गाठ जाळताना आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही जळाल्या होत्या, आणि रक्त पोचत नाही तिथं काही भरून येत नाही.

दुखण्याचं तू फार मनावर घेतलं नाहीस. तू मनावर घेतलंस ते जेवणाचं. ठाणाकुशनूरच्या तुमच्या घरात सुगीला केवढी पंगत बसायची, आणि तू मधोमध बसून एकेकाला टोमणे मारत जेवायचीस. भोक पडल्यापासून तू कणगीमागं एकटी बसायला लागलीस. आंबील प्यालीस की गालातून गळायची. मी भालकीला मास्तरीण, शाळा सुटल्यावर यायचे तेव्हा म्हणायचीस, "फुटकी घागर हाय मी. भरा न्हाईतर भरू नका." आणि एकदा गंमत न करता म्हणालीस, "मला एकडाव पंगतीत बसून जेवायचंय. मग कायबी होऊ दे." मी म्हटलं, काय होऊ दे ते नंतर बघू, आधी दवाखान्याचं बोल.

म्हणून तुला आणि दाजींना घेऊन मी मुंबईला गेले. तिथल्या सर्जननं सांगितलं की मेलेलं हाड काढून टाकायचं आणि छातीवरचं मांस कातडीसकट वळवून गालाला लावायचं. पण जळालेल्या जागी लावलेलं मांस टिकत नाही, ते काळं पडून गळून जातं. त्याआधी काही आठवडे रोज टाकीत झोपायचं. टाकीत दाबाखाली शुद्ध प्राणवायू भरतात, तो रक्तात मुरतो, आणि मेल्यासारख्या झालेल्या जागेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मी तुला हे दोनदा समजावलं. तू म्हणालीस, "रान भाजलंय. पेरायच्या आदी भिजवायचं, आसं सरळ सांग की."

टाकी म्हणजे पांढरा रंग दिलेला लोखंडी नळा, माणूस आडवा मावेल एवढा. सरकत्या फळीवर झोपवायचं, आत ढकलायचं, झाकण आवळायचं. डोक्याकडच्या बाजूला एक गोल जाड काच. राणे नावाचे गृहस्थ ती चालवायचे. नौदलातून निवृत्त झालेले, खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी अशाच टाक्या वापरलेले. त्यांनी नियम सांगितले. तेल नको, कुंकू नको, पावडर नको, नायलॉन नको, धातू तर अजिबात नको. अंगावर दवाखान्याचा सुती झगा तेवढा.

मला भीती होती मंगळसूत्राची. तू ते एका हातानं काढलंस, जोडवी काढलीस, बांगड्या काढल्यास आणि सगळं दाजींच्या ओंजळीत घालत म्हणालीस, "जपून ठेवा. दुसरीला घालू नका." दाजी बिचारे हसू की रडू करत भिंतीकडं बघायला लागले. मला वाटलं, सुटलो.

मग राण्यांनी तुझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडं बोट केलं. बाई, तेही.

तू हात छातीवर ठेवलास. "ह्ये न्हाई."

त्यांनी आवाज चढवला नाही. चांदीची डबी काढा, आतलं तेवढं राहू द्या, असं मी सुचवलं, तर त्यांनी डबी तुझ्याच हातात उघडून दाखवायला सांगितली, वाकून वास घेतला आणि मान हलवली. लिंगावरच्या काळ्या लेपात तेल असतं. आत शुद्ध प्राणवायू असतो, तिथं तेलाचा अंश आणि एखादी ठिणगी पुरते, मग झाकण उघडायलाही वेळ मिळत नाही. ते बरोबर बोलत होते. मी तसं तुला सांगितलं. तू फळीवरून उठलीस आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलीस.

त्या बाकावर आपण भांडलो ते भांडण अजून मिटलेलं नाही. जन्मल्यावर बांधलेलं लिंग अंगावरून उतरलं की माणूस मेल्यात जमा, असं तुझं म्हणणं. माझं लिंग किती वर्षं देव्हाऱ्यात ठेवलंय आणि मी जिवंत आहे, असं माझं म्हणणं.

"तुझं काय सांगायलीस," तू बंद दातांतून म्हणालीस. "तुझं लिंग घरी ऱ्हातंय, तू शाळंत ऱ्हातीस. दोघांची गाठ कवा पडती?"

दाजी हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, गालात भोक घेऊन लिंग सांभाळण्यापेक्षा गाल नीट करून सांभाळ. तू म्हणालीस, "गाल माझा हाय. ह्ये माझं न्हाई, मी ह्येची हाय." मला तेव्हा तो अडाणीपणा वाटला होता, आणि आज तसंही म्हणता येत नाही.

तुझी बारी रोज दुसऱ्याला जायला लागली. शेवटी मी पोस्टात जाऊन मठात ट्रंक कॉल लावला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, टाकी कशी असते तेही विचारलं. म्हणाले, आजाऱ्याला नेम नाही, काढू द्या, दोष असेल तर तो माझ्या माथी. मी जवळजवळ पळतच परत आले. आता प्रश्नच मिटला होता.

तू नीट ऐकलंस. म्हणालीस, "अप्पांनी सोडलं. मी कुटं सोडलंय?"

मी खूप चिडले. कणगीमागं बस जन्मभर, मी उद्याच्या गाडीनं चालले, असं म्हटलं. आणि खरंच जाणार होते, शाळा होती मला. सकाळी पिशवी भरून निरोप घ्यायला आले तर तू टाकीसमोर उभी राहून त्या गोल काचेकडं बघत होतीस. राण्यांना विचारलंस, आतून बाहेरचं दिसतं का. ते म्हणाले, दिसतं की.

मग माझ्याकडं वळलीस. "तू तितं बस. हातावर धर. पूजंत धरत्यात तसं. मला दिसलं पायजे." आणि थांबून म्हणालीस, "धरायचं म्हाईत हाय का, इसरलीस?"

राणे म्हणाले, बाहेर तुम्ही काय धरायचं ते धरा, मला आतलं बघायचंय. त्यांनी स्वतः स्टूल आणून काचेपाशी ठेवलं. तू दोरा गळ्यातून काढलास तेव्हा डोळे मिटून घेतलेस. माझ्या तळहातावर लिंग ठेवलंस आणि माझा हात धरून वर उचललास, छातीच्या उंचीला. "हितं," म्हणालीस. "ह्याच्या खाली न्हाई."

म्हणून मला उंची माहीत आहे.

पिशवी तशीच राहिली. शाळेला रजेची तार केली.

कोपर कुठंही टेकवायचं नाही, ही तुझी अट. अर्ध्या तासात खांदा भरून यायचा. आत बोललेलं बाहेरच्या स्पीकरच्या डब्यात ऐकू यायचं, आणि तुझ्या बंद जबड्यातलं बोलणं मला एकटीला कळायचं. "हात खाली चाललाय तुझा." "मास्तरीण झालीस पण हात धरून बसायचं जमंना." दाब वाढताना कानात दडे बसतात, तेव्हा जांभई द्यायची असते. तुझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून राणे सारखे, गिळा, आवंढा गिळा, असं सांगत राहायचे. तू काहीतरी पुटपुटलीस, त्यांनी मला विचारलं काय म्हणतात. तू म्हणाली होतीस, ह्या माणसाला बोलून बोलून दम कामून लागत न्हाई. मी सांगितलं, बरं वाटतंय म्हणते.

पण थोड्या वेळानं तुझी नजर माझ्या हातावर यायची आणि मग हलायची नाही. मला करण्यासारखं काही नसायचं, मी तुझा चेहरा बघत बसायचे. इतका वेळ मी तो कधी बघितलाच नव्हता, अक्का. आपण घाईत भेटलेल्या बहिणी. तू वेणी घातलीस तेव्हा मी पाठमोरी, मी आले तेव्हा तू चुलीकडं तोंड करून. त्या काचेपलीकडं मला पहिल्यांदा दिसलं की तुझी डावी भुवई आईसारखी तुटलेली आहे. हातातल्या लिंगात मला देव दिसला असं काही झालं नाही, खोटं कशाला लिहू. तू दिसलीस, एवढं झालं. ते पुष्कळ होतं हे आता कळायला लागलंय, आणि आता त्याचा उपयोग नाही.

हळूहळू भोकाच्या कडा लाल दिसायला लागल्या. पुसताना रक्त आलं. रक्त आलं म्हणून खूश झालेला डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

मग ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तू पाटीवर खडूनं लिहून विचारलंस, छाती ऱ्हायली का. मी म्हटलं, थोडी. दोन दिवसांनी आवाज फुटला तेव्हा दाजींना म्हणालीस, "आता गालाकडं बगताना जपून बगा. जागा बदललीय." दाजींचे कान लाल झाले. नर्सनं मला नव्या गालावर बोट दाबून बघायला शिकवलं. दाबलं की पांढरं, उचललं की परत लाल, म्हणजे मांस जगतंय. मी येता जाता दाबायचे. एका कडेला ते लाल व्हायला वेळ लागायला लागला, कड काळसर झाली, आणि सर्जननं तुला पुन्हा टाकीत पाठवलं. पुन्हा स्टूल, पुन्हा काच, पुन्हा माझा खांदा. या वेळी तू माझ्या हाताला नावं ठेवली नाहीस. घाबरली होतीस. कड वाचली.

तुला शेवटची आंघोळ घालताना माझं बोट तुझ्या गालावर गेलं. सवय, दुसरं काय. ते पांढरं उमटलं आणि तसंच राहिलं.

तुझी पंगत झाली, हे मी नाकारत नाही. मठाच्या जेवणाला तू गेलीस, रांगेत बसलीस. मधोमध नाही, कडेला, पण बसलीस. मी वाढायला होते. हुग्गी, ती गव्हाची खीर, पातळ करून तुझ्या पत्रावळीवर वाढली आणि पुढं सरकले, मुद्दाम वळून बघितलं नाही. रांगेच्या टोकाला पोचून बघितलं तर तू जेवत होतीस. सवयीनं पदर गालाला लावलास, मग पदराचं टोक उलगडून बघितलंस, आणि एवढ्या माणसांतून ते टोक माझ्याकडं वर करून दाखवलंस. कोरडं होतं.

लोक म्हणतात, इच्छा पुरी झाली, समाधानानं गेली. अक्का, एका पंगतीनं कुणाचं पोट भरतं? तुझं भरलं नव्हतं, तू तर पुढच्या सुगीची भाषा करत होतीस. सुगीच्या आधीच मानेत गाठ आली, गालापासून लांब, कॉलरच्या हाडाजवळ. गाल ठणठणीत होता. तो अखेरपर्यंत ठणठणीत होता. आम्ही ज्याच्यासाठी एवढं झटलो ते तुझ्यातलं एकच ठिकाण शेवटपर्यंत नीट राहिलं, आणि बाकी सगळं गेलं.

मी मुंबईला एकटी जाऊन कागद दाखवून आले. सर्जन म्हणाले, आता कापण्यासारखं नाही. मी टाकीचं विचारलं. ते म्हणाले, टाकी जखमेसाठी असते, ह्याच्यावर ती चालत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. बाहेर येताना राणे भेटले. अक्कांना नमस्कार सांगा म्हणाले. तो नमस्कार मी तुला सांगितला नाही, कारण सांगितला असता तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी ठरवलं होतं, तू विचारलंस की सांगायचं. तू विचारलं नाहीस. तू शिकेकाईनं केस धुवून कोरडे ठेवायला लागलीस. कुंकू लावणं सोडलंस, बांगड्या उतरवून ठेवल्यास, सुनेनं दिलेलं नायलॉनचं पातळ परत दिलंस. तुझ्या जावा म्हणाल्या, हिनं आता मन काढून घेतलं सगळ्यातनं. मलाही तसंच वाटलं. मी, जिनं ते सगळे नियम राण्यांच्या तोंडून ऐकले होते, तिलाही कळलं नाही.

मग त्या दुपारी मी तुझ्या उशाशी बसले होते. दाजी दारात होते. तू उठून बसलीस, गळ्यातला दोरा आपल्या हातानं काढलास, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं, आणि लिंग माझ्या तळहातावर ठेवलंस.

"धर," म्हणालीस. "ह्या बारीला भांडत न्हाई बग. टाकीत कवा जायचं?"

माझा हात आपोआप छातीच्या उंचीला गेला. जन्मात ज्याच्यासाठी तू अप्पांचंही ऐकलं नाहीस, ते तू स्वतः काढून दिलं होतंस, आणि त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, टाकीचा आता उपयोग न्हाई. डॉक्टरांनी न्हाई म्हटलंय."

"हवा संपली का त्येंची?"

"संपली न्हाई. ह्या गाठीला ती लागत न्हाई."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. हाताकडं नाही, तोंडाकडं. मग म्हणालीस, "मग दे हिकडं."

तू ते परत बांधलंस. बोटांत जोर नव्हता, गाठ बसत नव्हती. मी मदतीला हात पुढं केला, तो तू बाजूला सारलास. मग भिंतीकडं तोंड करून आडवी झालीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. जाईपर्यंत नाही. तसं कुणाशीच फार बोलली नाहीस, मानेनं हो-नाही करायचीस, घसाच चालत नव्हता, असं दाजी म्हणतात. असेल. पण सुनेला तू पाणी मागितलंस ते मी ऐकलंय.

काल दाजींनी विचारलं. रागानं नाही, थकून विचारलं. "सोमवारी जाऊ म्हणली आसतीस तर काय बिगडलं आसतं? सोमवार कुटं उजाडणार हुता."

मी म्हटलं, ती तयार होऊन बसली असती दाजी. रोज विचारलं असतं, सोमवार आला का. आणि ते लिंग माझ्याकडं राहिलं असतं, तिच्या गळ्यात नसतं. तशी गेली असती ती. ते चाललं असतं तिला?

मला वाटतं, मी बरोबर आहे. बरोबर असल्याचं आजवर मला कधी एवढं ओझं झालं नव्हतं. शाळेत जाते, फळ्यावर लिहिते, घरी येते. घरात कुणी नसलं की मोठ्यानं तुझ्याशी तोच वाद घालते, आणि दर वेळी जिंकते, कारण तू काही बोलत नाहीस.

तू रागावली होतीस का, एवढं मला कळायला हवं आहे. का नुसती दमली होतीस. मी भिंतीकडचा तुझा चेहरा बघितला नाही, तिथं काच नव्हती.

अक्का, पुन्हा विचारलंस तरी मी तेच सांगेन. पण विचार तरी.